साहेबांच्या नोंदी लंडनला, आमच्या नोंदी लोखंडी कपाटात

संपादकसाहेब,

सप्रेम नमस्कार. (आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत खरं तर सलाम म्हणतात, पण पेपरला लिहितेय म्हणून नमस्कार.)

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही चर्चगेट स्टेशनच्या नावामागची गोष्ट छापलीत. मी ती सकाळी चहाबरोबर वाचली, दुपारी सुनेला वाचून दाखवली आणि संध्याकाळी परत वाचली, कारण काहीतरी खटकत होतं आणि नेमकं काय ते कळत नव्हतं. हे पत्र खरं तर आमच्या चर्चमधल्या जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरांबद्दल आहे, पण एक छोटी चूक आधी सांगते म्हणजे मन मोकळं होईल. सेंट थॉमस चर्च १७१८ सालचं असं लिहिलंय ते अर्धंच बरोबर आहे. १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी उघडलं, पण पाया गव्हर्नर जेराल्ड आँजियरने १६७६ लाच घातला होता, मग पैसा आटला आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच ऊनपाऊस खात उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब नावाचे पाद्री आले, त्यांनी वर्गणी काढून काम तडीला नेलं. म्हणजे मुंबईत बांधकाम रखडणं ही काही आजची गोष्ट नाही!! किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जायचा रस्ता होता तो चर्चगेट, आणि तो दरवाजा आत्ताच्या स्टेशनपाशी नव्हता, फ्लोरा फाउंटनच्या जवळ होता. असो, ही काही भांडायची गोष्ट नाही.

खटकलं काय ते दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं. अख्ख्या पानभर लेखात एकही मराठी नाव नाही. गव्हर्नर आहे, बिशप आहे, संगमरवराचे पुतळे आहेत, ती गव्हर्नर जोनाथन डंकनची देखणी स्मारकशिला आहे, बालहत्या बंद केल्याचं त्यावर कोरलंय ते सगळं आहे. शेवटी लेखकाने म्हटलंय की मुंबईतली प्रोटेस्टंट चर्चेस हा ब्रिटिशांनी मागे ठेवलेला वारसा आहे. इथे मला बोलायचंय. मी भायखळ्याला जन्मले, ३१ वर्षं शाळेत शिकवलं, आता रिटायर होऊन डोंबिवलीला राहते, आणि माझ्या घरात पाच पिढ्या मराठीतून प्रार्थना चालू आहे. आमचं देऊळ (हो, आमच्याकडचे जुने लोक चर्चला देऊळच म्हणतात, माझी आजी "देवळाची घंटा झाली, चला" असंच म्हणायची) ब्रिटिशांनी बांधलेलं नाही, ते अमेरिकन लोकांनी सुरू केलं आणि चालवलं आमच्या पणजोबांच्या दोन दोन आण्यांनी.

ती गोष्टही छापा कधीतरी. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे तरुण मुंबईत उतरले, आधी कलकत्त्याला गेले होते तिथून कंपनी सरकारने हाकललं म्हणून इकडे आले. तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांचं युद्ध चालू होतं त्यामुळे अमेरिकन माणूस म्हटलं की आधीच संशय, त्यात कंपनीला मिशनरी म्हणजे धंद्याला खोडा वाटायचा. यांना पुढच्या जहाजाने इंग्लंडला पाठवा असा हुकूम निघाला. हे दोघे गुपचूप कोचीनकडे सटकले, तिथून धरून परत आणले, मग हॉलने गव्हर्नर नेपियनला पत्रं लिहिली, त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला हात घातला, आणि शेवटी राहायची परवानगी मिळाली. तर ज्यांना ब्रिटिशांनी हाकलायचा प्रयत्न केला त्यांच्या कामाला आपण ब्रिटिशांचा वारसा म्हणतो, गंमतच आहे.

पुढे नॉट आजारी पडून १८१५ ला परत गेले, नंतर आलेले न्यूएल १८२१ ला कॉलऱ्याने गेले, आणि हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना, लोकांना औषधं वाटत वाटत, स्वतःच कॉलऱ्याने गेले ते सिन्नर तालुक्यातल्या दोडी दापूरजवळ. नाशिक पुणे रस्त्याने जाताना दोडीची पाटी लागते, आमची एसटी तिथे थांबली की माझे वडील टोपी काढायचे, आम्हा पोरांना वाटायचं उकडतंय म्हणून काढतात.

पण जेवढं झालं ते बघा. या मिशनने मुंबईत छापखाना घातला, १८२३ मध्ये भेंडीबाजारच्या बाजूला प्रार्थनामंदिर उघडलं, १८२४ ला मुलींची शाळा काढली, १८२६ ला मराठी नवा करार छापून झाला. त्याच छापखान्यातलं काम बघून गणपत कृष्णाजींनी आपला छापखाना काढला, आणि मिशनच्याच छापखान्यात पोरवयात टाइप घासायला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागर छापखान्याचे मालक झाले. आज ज्यांच्या घरात निर्णयसागरी पोथी देव्हाऱ्यात आहे त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. १८३१ मध्ये मिशन नगरला (आता अहिल्यानगर) गेलं, तिथून १८४२ ला ज्ञानोदय हे मराठी नियतकालिक निघालं. ते अजून निघतंय, किती मराठी नियतकालिकांना हे भाग्य मिळालंय सांगा. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक त्याचे संपादक होते, आणि त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला झाला तो मुंबईतच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने काय आकाश कोसळलं ते मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, मी नव्याने सांगत नाही.

आता मुद्दा. हे सगळं मी तुम्हाला सांगू शकते कारण ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे आणि मोठी माणसं पुस्तकात असतात. लहान माणसं कुठे असतात? ती रजिस्टरात असतात. मला बोलायचंय ते रजिस्टरांबद्दल.

चार वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला ओबीसीचा दाखला काढायचा होता. आमच्या लोकांचं काय आहे की मूळचे महार किंवा मांग, पण ख्रिस्ती झाल्यावर १९५० च्या आदेशामुळे एससीत बसत नाहीत, महाराष्ट्रात धर्मांतरित म्हणून ओबीसीत येतात, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं "ख्रिश्चन" लिहिलंय, पूर्वीची जात कोरी. मग कोणीतरी सांगितलं देवळातल्या बाप्तिस्मा रजिस्टरात बघा, तिथे पूर्वीची जात लिहायचा रकाना असतो. म्हणून मी आमच्या जुन्या मंडळीत (एका चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो) गेले. मंडळीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात कोणा एकाचा दोष नाही आणि मला कोणाला पेपरात खाली बघायला लावायचं नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक लोखंडी कपाट, वर नाताळच्या देखाव्यातली गाय आणि गुंडाळलेली सतरंजी, कपाटाची किल्ली एका पंचांकडे (मंडळीचा कारभार बघतात ते पंच), ते पंच लग्नाला गेलेले. पुढच्या रविवारी परत गेले, किल्ली आली, कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा आणि ओलसर कागदाचा असा एकत्र वास आला की मला एकदम आजीची ट्रंक आठवली. आत जाड पुठ्ठ्याची सात आठ रजिस्टरं, पाठीचं कापड सुटलेलं, मध्येमध्ये सुतळीने बांधलेल्या वह्या, आणि सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी, ते नंतर सांगते.

दीड तास लागला पण सापडलं. १९०१ सालचं पान. शाई काळी होती ती तपकिरी झालेली, काही ठिकाणी अक्षराच्या जागी कागदच खाल्लेला, म्हणजे अक्षराच्याच आकाराचं भोक. रकाने असे होते, अनुक्रम, तारीख, नाव, वय, आईबापाचं नाव, गाव, पूर्वीची जात, पाळकाची सही, शेरा. माझ्या पणजोबांच्या ओळीत लिहिलंय, वय सुमारे ९, बाप मयत, आई माहीत नाही, तालुका नेवासे, पूर्वीची जात महार. शेऱ्यात तीन शब्द, "दुष्काळात आलेला मुलगा". नावाच्या रकान्यात आधी गावाकडचं नाव, त्याच्या वर बारीक अक्षरात बायबलातलं नवं नाव, पण जुनं खोडलेलं नाही, नुसतं वर लिहिलंय. त्या एका दिवशी अकरा मुलांचे बाप्तिस्मे झालेत, आणि अकराही ओळींत वयाच्या आधी "सुमारे" आहे. एकदा लिहून खाली नुसत्या खुणा दिल्या असत्या तरी चाललं असतं, आपण सगळे हजेरीपटात तेच करतो, मी ३१ वर्षं केलंय. पण त्या पाळकांनी अकरा वेळा पूर्ण शब्द लिहिला, शेवटचा सुद्धा पहिल्याइतकाच नीट. मी तिथे खुर्चीवर बसून राहिले बराच वेळ, पंचांना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं.

१८९९-१९०० चा दुष्काळ, छपन्नचा म्हणतात तो, आम्ही शाळेत दोन ओळीत शिकवायचो. त्या दोन ओळी म्हणजे माझे पणजोबा होते हे मला वयाच्या साठीनंतर कळलं.

नाशिक त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे वह्या असतात, तुमच्यातल्या बऱ्याच वाचकांनी बघितल्या असतील, जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की तो वही काढतो आणि तुमच्या आजोबांच्या आजोबांची सही दाखवतो. आमच्या पणजोबांचं नाव लिहायला तिथे कोण बसलं होतं? देवळाच्या पायरीला शिवायची बंदी होती तिथे वहीत कसलं नाव येतंय. सातबारा नाही, खत नाही, सनद नाही, पत्रिका नाही. महार मांगांच्या किती घरांत मूल कधी जन्मलं हे कोणी कागदावर लिहिलं असेल तेव्हा? आमच्या घराण्यात तरी कोणा माणसाचं नाव, त्याच्या गावाचं नाव आणि "हा अमक्या दिवशी होता" एवढं शाईने पहिल्यांदा लिहिलं गेलं ते या रजिस्टरात. हा धर्माचा कागद आहे असं समजून इतिहासवाल्यांनी तो बाजूला ठेवला, आणि हा इतिहासाचा कागद आहे हे आमच्या मंडळ्यांच्या लक्षात आलं नाही, म्हणून तो नाताळच्या गायीखाली पडून आहे.

आता विरोधाभास बघा. सेंट थॉमससारख्या सरकारी चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींची नक्कल दरवर्षी कंपनीच्या आणि नंतर इंडिया ऑफिसच्या लोकांनी लंडनला पाठवली. मुंबई इलाख्याच्या त्या नकला १७०९ पासूनच्या आहेत, ब्रिटिश लायब्ररीत नीट बांधून ठेवल्यात, आता पैसे भरले की ऑनलाइन सुद्धा दिसतात. त्यामुळे मँचेस्टरमधला कोणी घरबसल्या आपला खापरपणजा कुलाब्याला कुठल्या तापाने गेला ते बघू शकतो. त्यात थोडे भारतीय ख्रिस्ती लोक आहेत पण मुख्य भरणा गोऱ्यांचा. आमची देवळं सरकारी नव्हती, मिशनची होती. लग्नाचं त्यातल्या त्यात बरं, १८७२ च्या ख्रिश्चन मॅरेज ॲक्टमुळे लग्नाची खबर सरकार दरबारी जायची. पण बाप्तिस्मा रजिस्टर आणि पंचांचं मिनिट बुक (त्यांच्या सभांच्या नोंदींची वही) यांची दुसरी प्रत नव्हतीच कुठे. एकच वही. ती गेली की गेलं.

मिशनरी लोकांनी मात्र आपली कागदपत्रं जपली हं. अमेरिकन बोर्डाला (त्यांना इकडे पाठवणारी तिकडची संस्था) ते दर महिन्या दोन महिन्याला पत्रं लिहायचे, ती सगळी बोस्टनला जायची, आणि आज ती हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. माझी भाची तिकडेच नोकरीला आहे, मी तिच्या मागे लागले की जाऊन ये एकदा. गेली बिचारी सुट्टी काढून. तिने रात्री व्हिडिओ कॉल केला, म्हणाली मावशी, पेन आत नेऊ देत नाहीत फक्त पेन्सिल, बॅग बाहेर ठेवायची, एका वेळी एकच खोका देतात, आणि पत्रांचा कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ आहे पण दीडशे वर्षांत एक कोपरा दुमडलेला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण मग ती म्हणाली की मी दिवसभर वाचलं, नगरचा उन्हाळा आहे, घोड्याची किंमत आहे, मडमचं बाळंतपण आहे, शाळेतल्या मुलींची संख्या आहे, आणि आपल्या लोकांबद्दल लिहिलंय ते बहुतेक ठिकाणी "एक नेटिव्ह मदतनीस" नाहीतर "एका खेड्यातला म्हातारा" असं. तिने वाचले ते दोन तीनच खोके होते, सगळं तसंच असेल असं मी म्हणत नाही, कितीतरी पत्रांत नावं असतीलच. पण मला तिथल्या तिथे कळलं की हार्वर्डमधल्या मदतनीसाचं नाव इथल्या कपाटात आहे. तिकडे गोष्ट आहे, इकडे माणूस आहे. दोन्ही जोडल्याशिवाय काही अर्थ नाही आणि त्यातलं एक टोक दर पावसाळ्यात थोडं थोडं सडतंय.

स्कॉटिश मिशनचंही तसंच, डॉ. जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले, १८३२ ला त्यांनी गिरगावात शाळा काढली जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं, त्यांच्या मिशनचे कागद एडिंबरोला नॅशनल लायब्ररीत आहेत. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात. मराठी माणसाला आपल्या आळीचा इतिहास वाचायचा तर दोन देशांचे व्हिसा लागतात!

आणि इकडे काय झालं, तर मंडळ्या एकत्र होत गेल्या. १९२४ ला अमेरिकन आणि स्कॉटिश परंपरेतल्या मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरेही आले. एकी झाली ते उत्तमच झालं, मी लहानपणी ऐकलेली "ते त्यांचं देऊळ, हे आपलं" ही भाषा गेली. पण प्रत्येक वेळी ऑफिस बदललं, शिक्का बदलला, लेटरहेड बदललं, आणि जुन्या ऑफिसातले कागद कुठे गेले हे कोणी विचारलं नाही. मिशनचे लोक परत गेले तेव्हा बंगले रिकामे झाले, काही कागद पाळकांच्या घरी गेले, पाळक वारले, मुलांनी घर बदललं, तुम्हाला पुढचं सांगायला नको.

बरं, ती कपाटाच्या तळातली प्लास्टिकची पिशवी. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यातली रजिस्टरं भिजली. पंचांनी चांगल्या मनाने ती गच्चीवर कडक उन्हात वाळत घातली. भिजलेला कागद उन्हात टाकला की पानं एकमेकांना चिकटून वीट होते, हे त्यांना कोण सांगणार. दोन रजिस्टरं अशी विटा झाली. एक रद्दीत गेलं, दुसरं कोणाला तरी टाकवलं नाही म्हणून पिशवीत बांधून ठेवलं. मी ते हातात घेतलं. वजनाला जड, बाजूने पानांच्या कडा दिसतात, निळ्या रेघा दिसतात, अक्षरांचे शेंडे सुद्धा दिसतात, पण उघडत नाही. किल्लीवाले पंच म्हणाले, "बाई, यात माझ्या आईचा बाप्तिस्मा आहे."

तिसऱ्या रजिस्टराला कोणीतरी फाटलेल्या पानांवर सेलोटेप लावलीय. तीही काळजीपोटीच. टेप पिवळी पडून निघालीय आणि तिच्याबरोबर अक्षरंही. आणि एका मंडळीत तर (ही वेगळी) जुन्या पानांचं लॅमिनेशन करून आणलंय, आता आत तो कागद हळूहळू ठिसूळ होईल आणि बाहेर काढता येणार नाही. तेव्हा ज्या कोणाच्या ताब्यात असे कागद आहेत त्यांना हात जोडून सांगते, टेप नको, लॅमिनेशन नको, ऊन नको. भिजलं तर सावलीत पंख्याखाली, पानांमध्ये कोरे टीपकागद घालून. रजिस्टरं उभी नाही, आडवी ठेवा, खालच्या कप्प्यात तर अजिबात नको, सुती कापडात बांधा, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा कसर लागलीय का. एवढं करायला पैसा लागत नाही.

पुतण्याच्या दाखल्याचं काय झालं ते राहिलं. मी रजिस्टरच्या पानाची पाळकसाहेबांच्या सहीशिक्क्याची नक्कल घेऊन गेले, तर एका कार्यालयातल्या माणसाने ती बघितली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, "ही खाजगी वही आहे, सरकारी काहीतरी आणा." मी म्हटलं अहो १९०१ साली नऊ वर्षाच्या अनाथ महार पोराची नोंद सरकारने कुठे केली असेल ते तुम्हीच सांगा, मी तिथून आणते. शेवटी दीड वर्षाने, चार खेपा, दोन प्रतिज्ञापत्रं आणि गावच्या शाळेतला एक जुना कागद जोडून काम झालं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात दप्तरं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, जुन्या कागदाला किंमत असते हे सगळ्यांना पटलं. मला त्यात कोणाचं वाईट वाटत नाही, उलट बरं वाटलं, फक्त एवढंच की तेच डोळे आमच्या कपाटांकडेही वळावेत.

आणि मिनिट बुकं! ती तर मी अजून नीट वाचलेली पण नाहीत. नुसती चाळली तरी दोन तास कुठे गेले कळलं नाही. बाकाचा मोडलेला पाय दुरुस्त करायचा ठराव, दिव्याच्या तेलाचा हिशोब, गिरणीतल्या संपामुळे या महिन्यात वर्गणी माफ, अमक्या विधवेला महिना दोन रुपये, तमक्याला दारू पिऊन आल्याबद्दल तीन महिने प्रभुभोजनातून (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीतून) बंद आणि पुढच्याच पानावर त्याने माफी मागितल्याची नोंद. दफनाच्या रजिस्टरात ऑक्टोबर १९१८ ची पानं आहेत, इन्फ्लुएंझाची, तिथे अक्षर बदलत जातं, आधी एक हात, मग दुसरा, मग शेवटी कोणीतरी घाईघाईने. शिवडीच्या दफनभूमीत जागा नाही म्हणून एकाच थडग्यात पुढच्यांना ठेवतात, दगड कितीजणांच्या नावाचा उरतो? त्या माणसांची आज तेवढीच एक ओळ आहे.

काही लोक म्हणतील (आमच्यातलेच म्हणाले) हे सगळं उघड करू नका, त्यात खाजगी गोष्टी आहेत. ते मला मान्य आहे. कोणाचं मूल दत्तक, कोणाचा बाप लिहिलेला नाही, कोणावर शिस्तीची कारवाई, हे चव्हाट्यावर यायला नको. पण त्यावर उपाय आहे, जुनी शंभर वर्षांपूर्वीची पानं खुली ठेवायची, अलीकडची फक्त घरच्यांना दाखवायची. वाळवीला तर आपण कसलीच अट घालत नाही, ती अलीकडचं जुनं सगळं वाचते. दुसरी भीती जरा खरी आहे, की आजच्या दिवसात धर्मांतराच्या नोंदी कोणाच्या हाती लागल्या तर काय. मी त्यावर खूप विचार केला. पण १९०१ सालचा दुष्काळातला पोरगा लपवून मी काय मिळवणार, तो जगला म्हणून मी आहे, ते मी कोणालाही तोंडावर सांगेन.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत होते, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद त्यांनी वाचवले, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, म्हणून आज मराठ्यांचा इतिहास लिहिता येतो. मिशन कंपाउंडात कोणी राजवाडे आले नाहीत. आता यावेत अशी वाटही बघायला नको, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत सरकारचं पुराभिलेखागार आहे, तिथले जाणकार लोक निदान कागद कसा हाताळायचा हे शिकवायला एखादा शनिवार देतील का? आणि आमच्या चर्चच्या मोठ्या कार्यालयांनी जागेच्या कोर्टकचेऱ्यांवर जेवढी फाइल जपलीय त्याच्या एक शतांश काळजी या वह्यांची घेतली तर? जरा तिखट झालं, राहू द्या, छापताना हवं तर काढा.

आम्ही चौघींनी सुरुवात केलीय. मी, किल्लीवाल्या पंचांची मुलगी आणि आमच्या रविवारच्या शाळेतल्या दोन पोरी. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी उपासनेनंतर खिडकीजवळ टेबल ओढतो, काळं कापड अंथरतो, एकजण हात धुवून पान उलटते, एकजण वरून फोटो काढते, एकजण वहीत नंबर लिहिते, मी चष्मा लावून नावं वाचते. फ्लॅश वापरत नाही. एका बैठकीत साठ सत्तर पानं होतात. फोटोंच्या तीन प्रती ठेवतो, एक मंडळीत, एक माझ्याकडे, एक भाचीकडे बोस्टनला. (तेवढं तरी तिकडे जाऊ दे.)

दोन अडचणी आहेत त्यासाठी हे पत्र. एक म्हणजे जुन्या हिशोबाच्या वह्यांत मधली काही पानं मोडीत आहेत आणि आमच्यात मोडी कोणालाच येत नाही, तुमच्या वाचकांत कोणी मोडी वाचणारे भायखळा, माझगाव, परळ बाजूला राहत असतील तर त्यांनी तुमच्या कचेरीत निरोप ठेवावा, जातपात धर्म काही विचारणार नाही, चहा आणि नानकटाई मिळेल. दुसरं, ज्यांच्या घरी कोणी आजोबा पणजोबा पाळक, बायबल बाई (घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणारी) किंवा मिशन शाळेचे मास्तर होते त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडावी, ज्ञानोदयाचे जुने अंक, मंडळीची वही, सभासदांची यादी, ग्रुप फोटो, काहीही असू शकतं. फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलने नावं लिहून ठेवा, ओळखणारी माणसं आहेत तोपर्यंत.

ती पिशवीतली वीट आम्ही टाकलेली नाही. अशी चिकटलेली पानं वाफेने सोडवता येतात असं ऐकलंय पण आम्ही हात लावणार नाही, ज्याला येतं त्यानेच करावं. पंच दर रविवारी कपाट उघडलं की आधी ती बाहेर काढून वरच्या कप्प्यात ठेवतात, आणि कुलूप लावताना परत एकदा हाताने चाचपून बघतात.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (मूळ भायखळा)